दिवा विझला, पण बिघाड गेला का?

आपल्या तुमसर तालुक्यातल्या कितीतरी जणी आता स्वतःच्या स्कूटीवर बँकेत, बाजारात, गटाच्या बैठकीला जातात. काही जणी जुनी चारचाकी घेण्याच्या विचारात आहेत. म्हणून आज मीटरमधल्या त्या पिवळ्या दिव्याबद्दल बोलू या, ज्यावर इंजिनाचं छोटं चित्र असतं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. यांच्यात एक छोटा संगणक असतो. हवा, पेट्रोल, इंजिनाची उष्णता आणि बाहेर पडणारा धूर यांवर तो सेन्सरच्या मदतीने लक्ष ठेवतो. काही बिघडलं की तो दिवा लावतो आणि बिघाडाचा क्रमांक म्हणजे कोड जपून ठेवतो. उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. पण का जळत नाही, ते कोड सांगत नाही. प्लग खराब असेल, कॉइल असेल किंवा इंजेक्टर. ते मेकॅनिकनेच तपासायचं असतं. आपल्याकडे घरात धान आलं की उंदीरही येतात आणि उभ्या गाडीची वायर कुरतडतात. कधी कधी कारण एवढंच निघतं.

आता मुख्य गोष्ट. मशीन लावून कोड पुसता येतो, दिवा विझतो. पण गटाच्या नोंदवहीतली थकबाकीची ओळ खोडली म्हणून कर्ज फिटतं का? तसंच हे आहे. बिघाड तसाच असेल तर थोड्या दिवसांत दिवा पुन्हा लागतो. शिवाय बिघाडाच्या वेळची नोंदही पुसली जाते आणि मेकॅनिकचं काम अवघड होतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कोड वाचून घ्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग दुरुस्ती करा. कोड शेवटी पुसा. नुसता दिवा घालवण्याचे पैसे कोणी मागितले, तर विचारा, "दादा, बिघाड कुठे होता? कोणता पार्ट बदलला?" बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

तेल बदलण्याची आठवण देणारा दिवा मात्र वेगळा. तो बिघाडाचा नसतो. सर्व्हिसिंग झाल्यावर तो रिसेट करतात.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर एक-दोन दिवसांत दाखवा. चारचाकीत तो लुकलुकू लागला, तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला महागडा भाग खराब करतं. तेलाच्या झारीचं लाल चित्र चालत्या गाडीत लागलं, तर इंजिन तिथेच बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.

जुनी गाडी घेताना चावी फिरवून बघा. पिवळा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब गेला असेल किंवा कोणी मुद्दाम काढला असेल. चारचाकी असेल तर आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून मशीन लावून घ्या. कोड नुकतेच पुसलेले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. बॅटरी काढली असेल तरी तसंच दिसतं. म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासू द्या, असं मालकाला सांगा.

मैत्रिणींनो, कर्जाचा हप्ता आपल्याला दर महिन्याला भरायचा आहे. तेव्हा सही करण्याआधी एवढं नक्की तपासा.