रायफल खाली ठेवायला शिकवताना

सकाळी ६

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या रेंजवर दिवसाची सुरुवात फडक्यानं होते. पेलेट शिशाचे, त्यामुळे लेनसमोरची धूळ झाडूनं उडवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग साबणानं हात धुवायचे. त्यानंतर सिलिंडर भरायचे. एअर रायफलच्या नळीखाली हवेचा सिलिंडर असतो, तो २०० बारपर्यंत भरतात. त्यावर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर मी बाजूला काढते, मालकानं कितीही तोंड वाकडं केलं तरी.

६.३०

नेहमीचे शूटर येतात. यांच्याशी फार बोलावं लागत नाही. कुणी ७५ मिनिटांत ६० शॉट्सची पूर्ण मॅच लावतं, कुणी पेलेट न भरता नुसतं ड्राय करतं. भिंतीकडे तोंड करून अर्धा तास ड्राय करणारा पोरगा बघितला की नवख्या पालकांना वाटतं, याला शिक्षा झाली आहे.

९.००

पालकांची वेळ. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्य आणलं, तेव्हापासून विचारणा वाढल्या. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली होती आणि राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं होतं. दोघीही कोल्हापूरच्याच. त्यामुळे इथल्या बापाला नेमबाजी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचा प्रश्न वेगळाच असतो: ‘मॅडम, नॅशनलला कधी जाईल?’

‘आज पहिला दिवस आहे. आज ती किती वेळा रायफल उचलते ते बघू.’

हे उत्तर पटत नाही, पण तालमीच्या गावात उलगडून सांगायला सोपं आहे. लाल मातीत उतरल्या दिवशी वस्ताद पोराला कुस्ती लावून देत नाही, जोर-बैठका काढायला लावतो.

१०.००

नववीतली मुलगी. नवे बूट, घट्ट वेणी, नजर सारखी रॅकवरच्या रायफलींकडे. मी तिला रायफल देत नाही. आधी दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये त्रिकोणी खिडकी करायला लावते. त्या खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ जागेवर दिसतं, तो तिचा खरा डोळा. तिचा उजवा निघाला आणि ती उजव्या हाताची, म्हणजे काम सरळ. हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तर खांदा बदलायचा की डोळ्याला वळण लावायचं हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. डावा डोळा मिटायचा नाही, त्याच्यापुढे पांढरा ब्लाइंडर लावायचा. एक डोळा मिटून ठेवला की चेहरा आखडतो आणि उघडा डोळाही लवकर थकतो.

मग नियम. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, मी सांगितल्याशिवाय काढायची नाही. कुणी टार्गेटच्या बाजूला गेलं असेल तर रायफलला हात लावायचा नाही. ‘रिकामीच आहे मॅडम’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. रिकामी असली तरी ती भरलेलीच धरायची.

१०.४५

आता उभं राहणं. स्पर्धेच्या रायफलचं वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो असू शकतं. आमच्या शिकाऊ रायफली हलक्या आहेत, तरी दोन मिनिटांत हात थरथरतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, तळवा रायफलखाली, वजन स्नायूंवर न घेता हाडांवर सोडायचं. तिचं कोपर हवेत होतं. मी दोन बोटांनी ते कमरेशी लावलं. इतका वेळ वर-खाली डोलणारी नळी बऱ्यापैकी शांत झाली, तेव्हा तिनं मान न हलवता फक्त डोळे माझ्याकडे वळवले.

‘मॅडम, मी दमलो,’ अस्सल कोल्हापुरी मुलीसारखी ती म्हणाली.

‘मग खाली ठेव.’

‘पण अजून मारलंच नाही.’

ही खरी जागा. श्वास थोडा सोडून थांबायचं आणि त्या सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला तर सुटला. नाही सुटला तर रायफल खाली, श्वास, पुन्हा पहिल्यापासून. नवख्याला वाटतं, उचलली आहे तर मारायलाच हवं. मग डोळ्यापुढे काळा ठिपका पोहायला लागतो, छाती हवा मागते आणि बोट घाईनं ट्रिगर ओढतं. पहिल्या दिवशी मी मोजते ते न मारता खाली ठेवलेले शॉट्स. तेच जमत नसेल, तर पुढचं शिकवून काही उपयोग नाही.

११.३०

पेलेट. बसकं डोकं पुढे, पोकळ घेर मागे. रायफल स्टँडवर टेकवलेली आणि दहा मीटरवर कोरा पांढरा कागद. टार्गेट नाही म्हणून मुलं हिरमुसतात. पण रिंगा दिसल्या की लक्ष आकड्यांवर जातं. कोऱ्या कागदावर बघायला एकच गोष्ट उरते: भोकं एकमेकांजवळ पडली की विखुरली.

तिचे पाच शॉट्स डावीकडे खाली, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. ती नाराज. मी खूश, कारण ग्रुप एकत्र असेल तर साइटचे दोन-चार क्लिक फिरवून तो मधे आणता येतो. एक दहा आणि चार विखुरलेले, त्याला क्लिक कुठून फिरवणार?

मग एकदा खरं टार्गेट जवळून दाखवलं. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे गोळी ठिपक्याच्या नऊपट रुंद. ‘मग सोपंच आहे की,’ ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

१.००

डबा. हात पुन्हा साबणानं.

४.३०

शाळा सुटलेली गर्दी. आरडाओरडा, हरवलेले ब्लाइंडर, ‘माझी लेन’ची भांडणं. ‘स्टॉप’ म्हटलं की सगळ्यांनी एकाच क्षणी थांबायचं, एवढं यांच्या अंगात मुरलं की माझं अर्धं काम झालं.

७.१५

रायफली मोजून कपाटात, फ्लॅग लावलेत की नाहीत ते बघून कुलूप, वहीत नोंद. सकाळच्या मुलीचे वडील फोनवर: रायफल कुठली घेऊ? साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

त्यांना सांगितलं तेच सगळ्या पालकांना सांगते. एवढ्यात काही घेऊ नका. चांगली परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, आणि वाढत्या अंगाला मापानं शिवलेलं जॅकेट लवकरच आखूड होतं. पहिले तीन महिने क्लबची रायफल वापरू द्या. आणि मूल घरी आल्यावर ‘किती दहा मारले?’ असं विचारू नका. किती वेळा न मारता खाली ठेवली, ते विचारा.