गोंदिया जिल्ह्यातील भाजीपाल्याची थेट विक्री : आठवडी बाजारापासून घरपोच टोपलीपर्यंत

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची ओळख धानाचा जिल्हा अशीच आहे. वार्षिक पर्जन्यमान १२०० मि.मी.हून अधिक, मालगुजारीच्या काळापासूनचे मामा तलाव, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बोड्या आणि इटियाडोहसारखे प्रकल्प यांच्या आधाराने येथील बांध्यांत पिढ्यान्पिढ्या धान पिकत आले आहे. या धानासाठी शासनाची आधारभूत किंमत आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत खरेदीची व्यवस्थाही आहे. भाजीपाल्यासाठी यांपैकी काहीच नाही. परसातील सांदवाडीत, विहिरीच्या कडेला किंवा नदीकाठच्या वाडीत पिकलेली वांगी सकाळी तोडली की त्याच दिवशी कोणाला तरी, मिळेल त्या भावाने विकावी लागतात. धानाचा पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येतो, भाजीचा आठवड्याला येतो. लहान शेतकऱ्याच्या घरातील तेल-मीठ, औषध व मुलांच्या वह्या यांचा खर्च बहुधा या दुसऱ्या पैशातून भागतो. त्यामुळे भाजीची विक्री कोणत्या मार्गाने होते हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

उत्पादकाने ग्राहकाला थेट माल विकावा ही कल्पना आकर्षक असली तरी तिचे अर्थकारण क्वचितच मांडले जाते. प्रस्तुत लेखात ते गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्राहकाच्या रुपयातील वाटा

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयापैकी टोमॅटो उत्पादकास सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकास ३६ पैसे, तर बटाटा उत्पादकास ३७ पैसे मिळतात. उरलेली रक्कम सर्वस्वी मध्यस्थाचा नफा असते असा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णतः बरोबर नाही. त्या रकमेत वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, वटाव व नासाडी यांचा समावेश होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत फळे व भाजीपाल्याची काढणीपश्चात हानी निरनिराळ्या पिकांत ४.५८ ते १५.८८ टक्के आढळली होती. ही हानी कोणीतरी सोसतोच. मध्यस्थ दूर झाला तरी त्याची कामे शिल्लक राहतात. ती आता कोण करणार, हा थेट विक्रीतील कळीचा मुद्दा होय.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, गोंदिया शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवरील एका कुटुंबाकडे एका दिवशी २० किलो वांगी निघाली. गावात येणारा व्यापारी १२ रुपये किलोने ती जागेवर उचलतो. म्हणजे २४० रुपये. त्याच वांग्यांना शहरात किरकोळीत २५ रुपये भाव आहे. शेतकरी स्वतः बाजारात बसला, १५ किलो त्या भावाने गेली आणि उरलेली ५ किलो सायंकाळी १० रुपयांनी काढावी लागली, तर एकूण ४२५ रुपये होतात. त्यातून जाण्यायेण्याचे ६० रुपये, बसण्याची पावती १० रुपये आणि एका माणसाची दिवसाची मजुरी २५० रुपये वजा केल्यास १०५ रुपये उरतात. म्हणजेच व्यापाऱ्याचा भाव निम्म्याहून कमी असूनही तोच सौदा किफायतशीर ठरला.

आता अशी दहा कुटुंबे एकत्र आली, २०० किलो माल एका गाडीत आला आणि विकायला दोनच माणसे बसली, असे धरू. विक्रीचे प्रमाण पूर्वीचेच ठेवल्यास ४,२५० रुपये येतात. गाडीचे ६००, पावतीचे २० आणि दोघांच्या मजुरीचे ५०० असा १,१२० रुपये खर्च वजा जाता ३,१३० रुपये राहतात. व्यापाऱ्याकडून २,४०० मिळाले असते. प्रत्येक कुटुंबाला ७३ रुपये अधिक पडले. मागणी आधीच ठाऊक असेल, तितकाच माल तोडला असेल आणि सर्व माल २५ रुपयांनी गेला असेल, तर खर्च तोच राहून हा लाभ प्रत्येकी १४८ रुपये होतो. येथे आकड्यांपेक्षा त्यांचा कल महत्त्वाचा आहे. पहिली वाढ एकत्र येण्यातून मिळाली, दुसरी मागणी आगाऊ कळण्यातून. घरपोच टोपलीच्या योजनेचे सारे मर्म या दुसऱ्या वाढीत आहे.

कायद्याची चौकट व इतरत्रचे अनुभव

महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने नियमित बाजारपेठांची व्यवस्था घातली. उघड लिलाव व खरे माप या तिच्या जमेच्या बाजू नाकारता येत नाहीत. तथापि कालांतराने त्या व्यवस्थेत मक्तेदारी निर्माण झाली. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त केली आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना कृषी पणन मंडळामार्फत सुरू केली. केंद्राने २०२० मध्ये केलेले तीन कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले. परंतु महाराष्ट्रातील भाजीपाल्याच्या थेट विक्रीची वाट त्यांच्यावर अवलंबून नव्हती.

अन्य राज्ये या वाटेवर आधीच चालली होती. पंजाबात १९८७ मध्ये अपनी मंडी, आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये रयतु बाजार आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूत मदुराई येथे उळवर संदै सुरू झाले. आंध्र व तामिळनाडूत शेतकऱ्याला ओळखपत्र दिले गेले आणि भाव घाऊक दरापेक्षा अधिक व किरकोळ दरापेक्षा कमी ठेवण्याची पद्धत पडली. तामिळनाडूचा अनुभव बोलका आहे. २००१ च्या सत्तांतरानंतर या बाजारांकडे दुर्लक्ष झाले, २००६ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाल्यावर त्यांना चालना मिळाली. शासनाच्या मर्जीवर उभा राहिलेला बाजार त्या मर्जीबरोबर खाली बसतो.

टोपलीची पद्धत याहून निराळी आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहकांच्या गटांनी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडले. त्यास तेथे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ पासून हंगामाची वर्गणी आगाऊ देऊन दर आठवड्यास भाजीचा वाटा घेण्याची रीत रुजली. तेथे सभासद भाजी विकत घेण्यापेक्षा पिकात भागीदार होतो, आणि गारपीट झाली तर रिकाम्या टोपलीतही त्याचा वाटा असतो. आपल्याकडे टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, शेतकरी गटांनी पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत भाजीच्या पिशव्या पोहोचविल्या. बाजार पूर्ववत सुरू झाल्यावर यांतील बरीच मागणी ओसरली. ती गरजेपोटी निर्माण झालेली होती, कराराने बांधलेली नव्हती.

गोंदियातील परिस्थिती

गोंदिया जिल्ह्यात थेट विक्री नवी नाही; आठवडी बाजार हे तिचेच जुने रूप आहे. बाजाराच्या दिवशी गावोगावच्या स्त्रिया टोपलीत दोन-तीन जिनसा घेऊन येतात. पावसाळ्यात जंगलातील सात्या, वास्ते आणि काटवल, परसातील कोचईची पाने. हिवाळ्यात वांगी, मेथी, सांबार, वाल आणि लाखोळीची कोवळी भाजी. उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रातील डांगरवाड्यांची डांगरे व काकड्या, असे ऋतुमान त्यांच्या टोपलीत दिसते. तलावांतील शिंगाडा धिवर समाजाच्या घरांतून येतो. यांतील कितीतरी पदार्थ कोणत्याही घाऊक मंडईच्या दरपत्रकात नसतात.

परंतु बाजारात बसलेली प्रत्येक स्त्री उत्पादक नसते. ‘घरची आहे का?’ या प्रश्नाला ‘घरचीच’ हेच उत्तर मिळते. जिच्यासमोर एकाच वेळी दहा-बारा जिनसा आहेत आणि भर पावसाळ्यात एकसारखी फुलकोबी आहे, ती बहुधा मंडईतून माल आणणारी किरकोळ विक्रेती असते. उत्पादकाकडे जिनसा मोजक्या, जुड्या लहानमोठ्या आणि माल दुपारपर्यंत संपणारा असतो. ही खूण सांगताना एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. किरकोळ विक्री करणाऱ्या या स्त्रियांत अनेक भूमिहीन आहेत. शेतकरी बाजार भरविताना त्यांना हटविले, तर एका गरिबाचा लाभ दुसऱ्या गरिबाच्या ताटातून काढल्यासारखे होईल. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यांच्या उपजीविकेस संरक्षणही दिलेले आहे. म्हणून शेतकरी बाजार वेगळ्या जागी, वेगळ्या दिवशी भरविणे श्रेयस्कर.

सेंद्रिय मालाबाबतही सावधगिरी हवी. ताजी व स्थानिक भाजी सेंद्रिय असतेच असे नाही. लहान उत्पादकाने ग्राहकास थेट विकलेल्या सेंद्रिय मालास २०१७ च्या अन्नसुरक्षा विनियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे. तेथे विश्वास हाच पुरावा, आणि तो शेत पाहिल्याशिवाय बसत नाही. शेत वीस किलोमीटरवर असणे हा गोंदियाच्या ग्राहकाला मिळालेला लाभ आहे. महानगरातील ग्राहकाला तो सहसा मिळत नाही.

महाविद्यालय : एक तयार ग्राहकगट

टोपलीच्या योजनेस नियमित उत्पन्न असलेले, एकाच ठिकाणी भेटणारे आणि एकमेकांना ओळखणारे ग्राहक लागतात. महाविद्यालयाचा प्राध्यापक व कर्मचारी वर्ग या वर्णनात नेमका बसतो. तीस-चाळीस घरांनी आठवड्यातून दोन दिवस ठराविक रकमेची टोपली घेण्याचे ठरविले, तर एखाद्या गावच्या बचतगटास निश्चित मागणी मिळते. पहाटे तोडलेली पालेभाजी ओल्या गोणपाटात बांधून आणल्यास महाविद्यालय भरण्याच्या वेळी ती टवटवीत पोहोचते. शीतगृहाची गरज पडत नाही. गट वाढल्यास दहा उत्पादकांना मिळून उत्पादक कंपनी स्थापन करण्याची तरतूद कंपनी कायद्यात २००३ पासून आहे. मात्र आरंभीच तिच्या मागे लागू नये. लेखापरीक्षणाचा खर्च लहान उलाढालीला झेपत नाही.

अडचण ग्राहकाच्या बाजूने अधिक येते. टोपलीत काय असावे हे ऋतू ठरवितो. श्रावणात बांध्या पाण्याने भरलेल्या असताना टोमॅटो मागणारा सभासद गटाला पुन्हा मंडईकडेच पाठवितो, आणि गटाने मंडईचा माल टोपलीत घातला की योजना संपलीच. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वांगी आली म्हणून टोपली नाकारणारे सभासद चार झाले, तरी वरील हिशेबातील १४८ रुपये ७३ कडे घसरू लागतात. यासाठी निदान एका महिन्याची रक्कम आगाऊ द्यावी, गैरहजेरीची सूचना दोन दिवस आधी द्यावी आणि भाव दर आठवड्यास न बदलता हंगामासाठी एकदाच ठरवावा. मंडईत भाव पडले असता सभासदास थोडे अधिक द्यावे लागेल, भाव चढले असता शेतकऱ्यास थोडे कमी मिळेल. उभय पक्षांनी हे आधी मान्य केलेले असावे.

वसतिगृहाची खानावळ हा मोठा ग्राहक वाटतो. तथापि तिच्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही. परीक्षा आटोपल्यावर वसतिगृह रिकामे होते आणि नेमक्या त्याच सुमारास वैनगंगेच्या वाळूत डांगरे पिकू लागतात. त्या दोन महिन्यांचा माल कोण घेणार, हे कर्मचारी निवासस्थानांतील कुटुंबांशी हिवाळ्यातच, पात्रात वेल लावण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.