पाठीतले पाणी आणि मनातली भीती

"पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो," हे वाक्य मी आमच्या गंगाखेडात गोदावरीच्या घाटावर आणि परभणीच्या गाडीतही कितीदा तरी ऐकले आहे. या एका वाक्यापायी घरची माणसे सही करायला कचरतात आणि मोलाचे तास हातचे जातात.

मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणाला सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस. आपण सरसकट 'मेंदूज्वर' म्हणून मोकळे होतो. पण कारणे निरनिराळी. विषाणूंचा मेनिंजायटिस बहुधा आपोआप बरा होतो. जिवाणूंचा काही तासांत जिवावर बेततो, वाचलेल्यालाही कधी बहिरेपण देऊन जातो. क्षयाचा मात्र बारीक ताप आणि चिडचिड घेऊन चोरपावलांनी येतो.

यातला नेमका कोणता, हे मुख्यतः पाठीतल्या पाण्यावरूनच कळते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो. सुई टोचतात ती त्याच्याही खाली. लुळेपण येते ते बहुधा आजाराने, उपचार लांबल्याने.

ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठ मान, उजेड न सोसणे, गुंगी, झटके ही लक्षणे. तान्ह्या बाळाची मान ताठेलच असे नाही. ते दूध सोडते, सारखे किरकिरते, टाळू फुगते. अशा वेळी अंगारा-दोऱ्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

क्षयाच्या मेनिंजायटिसपासून बाळाला बीसीजी जपते. हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते; न्यूमोकॉकलची २०२१ पासून देशभर मोफत आहे. घरातल्या बाळाचे लसीचे कार्ड आजच काढून पाहा.