फोनवर बोलणाऱ्या ड्रायव्हरांना गप्प करायला त्याने गाडीत जॅमर लावला आणि...

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला एक माणूस रोज टॅम्पाजवळच्या हायवेवरून कामावर जायचा. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांचा त्याला भारी राग. म्हणून त्याने सीट कव्हरमागे मोबाईल जॅमर दडवला. हा उद्योग दीडेक वर्षं तरी बिनबोभाट चालला. २०१३ मध्ये एका मोबाईल कंपनीने तक्रार केली, की या रस्त्यालगतचे आमचे टॉवर नेमके ऑफिसला जायच्या-यायच्या वेळीच गडबडतात. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, मग माग काढायला कितीसा वेळ लागणार? रेडिओलहरींवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेने दिशा शोधणाऱ्या यंत्रांनी गाडी हेरली. पोलीस ती अडवायला गेले, तर त्यांच्याच वायरलेसचा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला! दंड झाला ४८,००० डॉलर.

मंडळी, जॅमर सिग्नल 'कापतो' असं अनेकांना वाटतं. तो काहीच कापत नाही, नुसता गोंगाट करतो. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून शेजारच्याशी बोलून पाहा. तो बोलत असतो, तुमचे कानही शाबूत असतात, पण कळत काही नाही. टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, तिच्यावरच जॅमर बडबडत राहतो. जीपीएसचे उपग्रह तर २०,००० किलोमीटरवर. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण, की गाडीतल्या लायटरच्या सॉकेटवर चालणारं छोटंसं यंत्रही त्याला भारी पडतं. आपण कुठे आहोत हे मालकाला कळू नये म्हणून न्यू जर्सीतल्या एकाने कंपनीच्या गाडीत असं यंत्र लावलं. गाडी गेली नेवार्क विमानतळावर, आणि विमानं उतरवायला मदत करणाऱ्या जीपीएस यंत्रणेत व्यत्यय आला. त्याला ३१,८७५ डॉलर दंड झाला.

गोंगाटाला माणसं निवडता येत नाहीत, खरी अडचण ती. शेजारच्या गाडीतली बडबड थांबते तसाच मागून येणाऱ्याचा ॲम्ब्युलन्ससाठीचा फोनही थांबतो, आणि तो लागला नाही हे जॅमरवाल्याला कधी कळतही नाही.

भारतातही हे बेकायदाच आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की सरकारची खास परवानगी नसेल तर जॅमर वापरता येत नाही. खासगी संस्थांना तो विकतही घेता येत नाही, मग ते कॉलेज असो वा थिएटर. ऑनलाइन विक्री आणि जाहिरातही चालत नाही. तुरुंगात किंवा परीक्षा केंद्रांवर दिसतात ते जॅमर रीतसर मंजुरीचे. आणि हो, घरात रेंज येत नाही म्हणून स्वतःच बसवलेला मोबाईल बूस्टरही याच सूचनेत बेकायदा ठरवला आहे.

रेडिओशी खेळायची खाज असेल त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा परवाना आहे. सरकारी परीक्षा पास व्हा, स्वतःचं कॉल साइन मिळवा. या हॅम मंडळींचा 'फॉक्स हंटिंग' नावाचा खेळ आहे: कुठेतरी लपवलेला ट्रान्समीटर अँटेना फिरवत शोधून काढायचा. टॅम्पातली ती गाडी साधारण याच युक्तीने सापडली होती.