विश्लेषण : थंड प्रदेशात दगडी भिंतीची दुरुस्ती कोणाला द्यावी?

कॅनडात टोरांटोसारख्या शहरात दगडी भिंतीचे सर्वाधिक नुकसान मुरलेल्या पाण्याने होते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. हे वारंवार घडले की दरजा उकलतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे कंत्राटदाराला दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पाणी कुठून शिरते, हे आधी शोधणार का? गळकी पन्हळ तशीच राहिली, तर नवे कामही टिकत नाही.

दरजांत कोणता माल भरणार? जुन्या भिंतीत निव्वळ सिमेंटचा कडक माल ओल कोंडतो आणि दगडच फुटतो; तिथे चुन्याचा मऊ माल हवा.

पारा ५ अंशांखाली गेल्यास काय करणार? ताजा माल गोठला की कमकुवत होतो. काम थांबवणे किंवा ताडपत्रीआड ऊब देणे, हीच योग्य उत्तरे.

तिन्ही उत्तरे करारात लिहून घ्या.