गाडीचे सर्व्हिसिंग : लागते किती, लावतात किती?



आपल्या पत्रिकेत बेणे, खत, पाणी, खोडवा यांवर नेहमी लिहून येते. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्या खिशाचाच. पूर्वी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एखाद्याच्या दारात जीप उभी राहिली की पोरंसोरं गोळा व्हायची. आज ट्रॅक्टर तर आहेच, पण अनेकांच्या दारात चारचाकीही आली आहे. मिरचीच्या बाजाराला, भोकरदनच्या तहसिलीत, जालन्याच्या दवाखान्यात तीच नेते. दसऱ्याला आपण तिला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो. मिरची तर घरचीच! पण गाडीबरोबर मिळालेले पुस्तक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कप्प्यात पडून राहते. आपण नेमके तिथेच फसतो.

माझीच गोष्ट सांगतो. मागच्या उन्हाळ्यात माझी पेट्रोलची गाडी शहरातल्या एका शोरूमला सर्व्हिसिंगला दिली. सकाळी सहा हजारांचा अंदाज मिळाला. दुपारी फोन आला, "काका, इंजिन फ्लश करून घ्या, इंजेक्टर साफ करावे लागतील, एसीची ट्रीटमेंट अन् खालून कोटिंग पण. नाही केलं तर पुढं मोठं काम निघंल." 'मोठं काम' म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. मी म्हणालो, करा बाबा. संध्याकाळी बिल झाले साडेअकरा हजार.

घरी येऊन पुस्तक उघडले. त्या चार कामांपैकी एकही काम त्यात लिहिलेले नव्हते. उलट ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे स्पष्ट छापलेले होते. गाडी तीन वर्षांची झाली होती, अन् बिलात ब्रेक ऑइलचे नावच नव्हते! म्हणजे नको ते झाले आणि हवे ते राहिले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्याच गाडीत घरची माणसे बसवून मी अजिंठ्याचा घाट उतरलो होतो, याची धास्ती जास्त वाटली.

वरचे साडेपाच हजार म्हणजे किती, तेही पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. म्हणजे दीड टनाहून जास्त ऊस एका फोनवर गेला.

आधी पुस्तक, मग मेस्त्री

गाडी बनवणाऱ्या कंपनीने कोणते काम किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी करायचे, याचा तक्ता पुस्तकात दिलेला असतो. किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. गाडी वर्षभर दारात उभी राहिली तरी ऑइल जुने होतेच.

याच पुस्तकात बहुधा 'कठीण परिस्थिती'साठी वेगळा तक्ता असतो. धुळीचे रस्ते, जड ओझे, रोजचे जवळचे हेलपाटे, हे सारे त्यात येते. आपली वापरायची तऱ्हा बहुतेक हीच. उन्हाळ्यात शेतरस्त्याचा फुफाटा आठवा. म्हणून एअर फिल्टर आपल्याकडे लवकर साफ करावा लागतो, लवकर बदलावाही लागतो. तेव्हा शोरूमवाला सांगतो ते सगळेच खोटे, असे धरून चालू नका. दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही टाकून द्यायचे नसते.

जी कामे टाळू नयेत

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदलावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. मग घाटात ब्रेक तापले की ते उकळते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. कूलंट सांगितलेल्या मुदतीला बदलावे. नुसते साधे पाणी ओतत राहू नये. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तिथे मुदत चुकवू नका. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. टायरची हवा आणि ब्रेकची पॅडे तर नेहमीच बघावीत. पॅड किती मिलीमीटर उरले, हे मोजून सांगा म्हणावे.

जी कामे कारण विचारून करावीत

*इंजिन फ्लश :* ऑइल वेळच्या वेळी बदलत असाल तर याची सहसा गरज पडत नाही. जुन्या, हयगय झालेल्या इंजिनात तर सुटलेला गाळ ऑइलची वाट अडवू शकतो.

*इंजेक्टरची सफाई :* गाडी अडखळत असेल, सुरू व्हायला त्रास देत असेल, अ‍ॅव्हरेज घटले असेल, तर तपासून करावी. गाडी नीट चालत असेल तर कशाला?

*एसीचा गॅस :* हा पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळीत फिरत असतो. थंडावा कमी झाला तर आधी गळती शोधायला सांगा. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

*नायट्रोजन हवा :* साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पंधरवड्याला हवा तपासली तर त्याचा फायदा जास्त.

*खालचे कोटिंग :* खाऱ्या वाऱ्याच्या कोकणपट्टीत त्याला अर्थ आहे. आपल्या कोरड्या मुलखात दर सर्व्हिसिंगला ते लावण्याचे कारण नाही.

*व्हील अलाइनमेंट :* गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने झिजते किंवा खड्ड्यात जोरात आदळली, तर जरूर करावे.

ट्रॅक्टरचे गणित तासांचे

ट्रॅक्टरला किलोमीटर नव्हे, तास मोजतात. अवरमीटर बंद पडला असेल तर आधी तो दुरुस्त करा. नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार. कुठल्या इंजिनाला अडीचशे तासांनी ऑइल बदलायचे असते, कुठल्याला त्याहून उशिरा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून आपला हिशेब करू नये. ऊस वाहणाऱ्यांनी हंगामाआधी ब्रेक, क्लचचा खेळ, टायर आणि ट्रॉलीचा जोड नीट बघून घ्यावा. ऐन हंगामात ट्रॅक्टर अडला की अडला हरी कोणाचे पाय धरतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तीन प्रश्न पाठ करा

शोरूममधून फोन आला की शांतपणे विचारा :

१. हे काम पुस्तकात कोणत्या पानावर, किती किलोमीटरला लिहिले आहे?

२. पुस्तकात नसेल तर माझ्या गाडीत काय बिघाड दिसला? मला दाखवता का?

३. आज नाही केले तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल?

खरे काम असेल तर माणूस नीट समजावून सांगतो. नुसती घाई करत असेल तर "घरी विचारून सांगतो" म्हणावे. अंदाज कागदावर किंवा मोबाइलवर लेखी घ्यावा. बदललेले जुने पार्ट परत मागावेत. गाडी सोडतानाच सांगावे, "विचारल्याबिगर जास्तीचं काम करू नका."

वॉरंटीची भीती

"बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल," असे ऐकवले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे चूक ठरवून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या कामामुळेच जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही त्यात म्हटले. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. म्हणून व्यवहार सांगतो : वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात, त्या मुदतीत तक्त्यातली कामे वेळेवर करून बिले जपावीत. तक्त्याबाहेरच्या कामाला नाही म्हटले म्हणून वॉरंटी जाते, हे अटींत कुठे लिहिले आहे ते दाखवा म्हणावे.

२४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारेही धरली आहेत. बिल न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार ठरतो. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

शेवटी एवढेच. उसाला पाणी द्यायच्या आधी आपण वाफसा बघतो. शेजारी देतो म्हणून देत नाही. गाडीचेही तसेच. आज संध्याकाळी ते पुस्तक पिशवीतून काढा. इंग्रजी असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरा-पोरीला जवळ बसवा, तक्त्याचे पान वाचून घ्या आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, ते आधी बघा.