‘लेव्हल’ला मराठीत काय म्हणावे?

ग्वाल्हेरात ‘लष्करात राहतो’ असे सांगणारा गृहस्थ सैनिक असेलच असे नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तळाचे शहर झाले आणि छावणीचे नाव वस्तीला चिकटले. शब्द तोच, अर्थ मात्र तो कोठे उच्चारला जातो यावर ठरतो. मुलांच्या शैक्षणिक संगणक-खेळांचे भाषांतर करणाऱ्याची अडचण याच जातीची आहे.

‘जीकॉम्प्री’ हा अशा खेळांचा एक प्रसिद्ध संच. एका फ्रेंच तंत्रज्ञाने २००० साली त्याचा आरंभ केला; त्याच्या नावाच्या उच्चारातून फ्रेंचमध्ये ‘मला समजले’ असे ऐकू येते. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक खेळ आहेत. अशा कामात भाषांतरकाराच्या हाती खेळ येत नाही, येते ती सुट्या शब्दांची यादी. नुसता ‘राइट’ समोर आला, तर ‘बरोबर’ लिहावे की ‘उजवीकडे’? ‘प्ले’ म्हणजे ‘खेळा’ खरे, परंतु सुरांच्या खेळात ‘वाजवा’. ‘की’ ही टंकलेखनाच्या धड्यात कळ असते आणि बंद दारापाशी किल्ली. शब्दाशेजारी संदर्भाची टीप असेल तर ती आधी वाचावी. नसेल तर तो खेळ स्वतः खेळून पाहावा, त्यात कमीपणा नाही.

‘लेव्हल’साठी ‘पातळी’ चटकन सुचते. पण पातळी म्हटले की पाणी आठवते. मुलाला एकामागून एक चढायचे असते, म्हणून ‘पायरी’ बरी. ‘तीन लाइफ’चे ‘तीन जीवने’ करणे तर हास्यास्पदच. चुकल्यावर पुन्हा खेळण्याची मुभा एवढाच त्याचा आशय, तेव्हा ‘तीन संधी उरल्या’ असे सरळ लिहावे.

ग्वाल्हेरसारख्या गावी, जेथे मराठी घरात आणि हिंदी शाळेत, तेथे आणखी एक सापळा आहे. हिंदी भाषांतर शेजारी ठेवून काम करणारा ‘शिक्षा’ हा शब्द जसाच्या तसा उचलतो आणि शिक्षणाचे खेळ मराठीत दंडाचे होतात! हे निदान हसण्यावारी जाते. ‘अंक’ अधिक घातक. हिंदीत मिळालेल्या गुणांना अंक म्हणतात. मराठीत अंक म्हणजे १, २, ३. बेरजेच्या खेळात ‘तुझे अंक ७’ असे उमटले, तर सात वर्षांचे मूल ते उत्तर समजेल. शब्द चुकला असे त्याला वाटणार नाही. आपले गणितच चुकले असे वाटेल. तेथे ‘गुण’च हवा.

क्रियापदांची गोष्ट वेगळी. इंग्रजीत विजयाचे एकच वाक्य मुलामुलींना चालते. मराठीत ‘जिंकलास’ म्हटले की मुलगी बाहेर राहते, ‘जिंकलीस’ म्हटले की मुलगा. ‘शाब्बास! डाव जिंकला’ असे लिहिले की दोघांचेही भागते.